पलंगाची राहिलेली झोप

त्र्यंबकेश्वर सोडल्यावर चौथ्या दिवशी सकाळी भूपाल आवटींच्या कारवानमधल्या पलंगाने त्यांना सांगितलं, की घर सोडल्यापासून आपल्याला झोप लागलेली नाही.

आवटी तेव्हा दाढी करत होते. गालावरचा फेस तसाच ठेवून ते वळले.

"किती दिवस झाले म्हणायचे?"

"आज तेविसावा," पलंग म्हणाला.

"लेखी काही आहे?"

"लेखी कसं असेल साहेब? तोंडीच सांगतोय."

आवटींनी उरलेला गाल पूर्ण केला, तोंड पुसलं आणि ते स्टुलावर बसले. एकतीस वर्षं ते एस.टी.च्या एका आगारात वाहतूक नियंत्रक होते. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, वस्तीच्या गाडीने कोण जाणार आणि सुट्टी कोणाला, हे सगळं त्यांच्या खिडकीतून ठरायचं. तोंडी तक्रार ते उभ्या-उभ्या ऐकत, लेखी असेल तर बसत. ही तक्रार तोंडी असली तरी तक्रारदार घरचा होता. अठ्ठावीस वर्षांत त्याने काही मागितलं नव्हतं. म्हणून ते बसले.

"कारण काय?"

"कारण शोधणं तुमच्याकडे, साहेब. झोप नाही, एवढंच मी सांगू शकतो."

हे उत्तर आवटींना नियमाला धरून वाटलं.

तेवढ्यात बाहेर दोरीवर कपडे वाळत घालून रत्नप्रभाबाई आत आल्या. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

"झोप लागत नाही म्हणतोय."

"अगंबाई! आणि आपण दोघं तर मेल्यासारखे झोपतोय की."

"तुम्ही झोपता, वहिनी," पलंग म्हणाला. "मी तेव्हा कामावर असतो."

बाईंनी पलंगाच्या कडेवरून हात फिरवला आणि त्या चहा ठेवायला वळल्या. पण त्याचं हे वाक्य त्यांच्या डोक्यात राहिलं.

हा प्रवास रत्नप्रभाबाईंचा होता. त्या सांगलीत कृष्णेच्या काठी लहानाच्या मोठ्या झाल्या, काठावरच लग्न होऊन आल्या. समोरून जाणारं पाणी बघत त्यांनी साठ वर्षं काढली, आणि हे सुरू कुठून होतं हे बघायचं राहून गेलं. आवटी निवृत्त झाल्यावर त्यांनी एका शंभर पानी वहीत नद्यांची यादी केली. कृष्णा, भीमा, गोदावरी, तापी, नर्मदा आणि आणखी चार. प्रत्येक नदी जिथे पहिल्यांदा दिसते तिथे जायचं, चूळ भरायची आणि पुढे निघायचं. सहा महिने लागतील असा आवटींचा अंदाज होता. त्यांनी एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला आणि सांगलीच्या गॅरेजमध्ये उभा करून त्यात ओटा, टाकी, पंखे, जाळीच्या खिडक्या बसवून घेतल्या. झोपायला गॅरेजवाला फोमचा बाक करून देणार होता. बाई म्हणाल्या, "सहा महिने झोपायचंय. आपलाच पलंग बसवा." मग घरचा सागवानी पलंग आला. त्याचे पाय वीतभर कमी केले, पुढचे दोन बिजागरीवर घेतले. अर्धी बाजू आत सरकवली की दिवसा बाक, बाहेर ओढली की रात्री पलंग. जागेचा असा उपयोग केल्याबद्दल आवटींना स्वतःचं कौतुक होतं.

तक्रारीवर त्यांनी त्याच दिवशी कार्यवाही सुरू केली. झोप लागत नाही म्हणजे गादीत दोष, असं त्यांनी धरलं. जुनी गादी उचलून पाहिली तर खालच्या फळीला दमट वास येत होता. त्यांनी ड्रिल काढून फळीला ओळीने छिद्रं पाडली, म्हणजे खालून हवा खेळेल. दोन दिवसांनी अकोला आलं, तेव्हा त्यांनी चौकशी करून गनीभाई मन्सुरींचं गादीचं दुकान गाठलं.

गनीभाई सत्तरीचे होते आणि त्यांच्या भुवयांवर कापूस बसला होता. त्यांनी गाडीत चढून पलंग चारही बाजूंनी दाबून पाहिला.

"झोप कोनाले नाही?"

"पलंगाला," आवटी म्हणाले.

"मंग गादी कोनाची शिवू? तुमची का त्याची?"

"पलंगावर घालायची. म्हणजे पलंगाचीच की."

"नाही जी." गनीभाईंनी मान हलवली. "पलंगावरची गादी मानसाची असते. पलंगाची गादी पलंगाच्या खाली."

आवटींनी क्षणभर विचार केला. "तशी तरतूद नाही," ते म्हणाले. "वरचीच करा. खाली काथ्या, वर कापूस, आणि मध्ये जरा घट्ट."

गनीभाईंनी सांगितलं तसं केलं. पण संध्याकाळी गादी चढवताना त्यांनी एक बोटभर जाडीची, साधी, लांबट गादीही बाहेर आणून ठेवली. आवटी पाण्याची टाकी भरत होते.

"बाई," गनीभाई हळूच म्हणाले, "त्याच्याकडं दिवसा पाहा. रात्री सगळेच पलंग सारखे दिसतात."

रत्नप्रभाबाईंनी ती पातळ गादी गुंडाळली आणि ओट्याखाली सरकवली. "राहू दे, लागेल," असं त्या स्वतःशीच म्हणाल्या.

नव्या गादीचा परिणाम फार चांगला झाला. एकतीस वर्षं पहाटे चारला उठणारे आवटी साडेसातला उठले. बाईंची कंबर दुखायची थांबली. तिसऱ्या सकाळी आवटींनी खुर्ची पुढे ओढली आणि पलंगाला विचारलं, "काही सुधारणा?"

"आहे," पलंग म्हणाला. "तुमच्यात."

"आणि तुझ्यात?"

"माझ्यात नाही, साहेब. पण गादी उत्तम आहे. तुमचं छान चाललंय, त्यात मला आनंदच आहे."

त्याचा आवाज घोगरा झाला होता. आवटींनी तक्रार निकाली काढायची नाही, असं ठरवलं.

अमरावती मागे टाकून ते मोर्शीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे होते. निंबोळा नावाच्या गावाच्या अलीकडे जेवायला गाडी थांबवली. आवटी सावलीत टायर बघत होते. रत्नप्रभाबाई आत बाकावर बसून मेथी निवडत होत्या. आणि पलंगाला डुलकी लागली.

पुढचे दोन्ही पाय मिटले. बाई मेथीसकट, परातीसकट खाली घसरल्या आणि उजव्या हातावर पडल्या. परातीचा आवाज ऐकून आवटी धावत आले.

"डोळा लागला," पलंग म्हणाला. तो पुरता जागा झाला होता. "कळलंच नाही, साहेब. वहिनी, लागलं का हो?"

"नाही रे, मनगट जरा," बाई म्हणाल्या. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता.

आवटी मात्र दारातच उभे राहिले. पत्नीला उठवायला त्यांना जेवढा वेळ लागायला हवा होता, त्याहून थोडा जास्त लागला. ते एकटक पलंगाकडे बघत होते. मग त्यांनी बाईंना धरून उठवलं आणि शांत आवाजात सांगितलं, "याला गाडीवरून उतरवायचं. आत्ता."

"काढून टाकताय मला?" पलंगाने विचारलं.

"ड्यूटीवरून उतरवतोय," आवटी म्हणाले.

निंबोळ्याच्या आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी मनगटाला पट्टी बांधली. मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. आठ दिवस काही उचलायचं नाही, लाटायचं नाही, पिळायचं नाही. बाहेर आल्यावर रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "अहो, मला कळलं."

"काय?"

"घरी सकाळी नऊला मी त्याच्यावर चादर घालायची की नाही? आणि मग रात्री नऊपर्यंत कुणाला बसू द्यायची नाही. पाव्हणे आले तरी खुर्ची द्यायची. तुम्ही चिडायचा."

"चुरगळते म्हणून."

"मी चुरगळते म्हणून. पण तो तेव्हा झोपायचा हो! रात्रभर आपल्याला घेऊन उभा राहायचा, दिवसा झोपायचा. आणि इथं आपण रात्री झोपतो त्याच्यावर आणि दिवसभर बसतो. मेथी काय, पत्ते काय, तुमचा पेपर काय. म्हणजे डबल ड्यूटीच झाली की त्याची."

आवटी तडक ग्रामपंचायतीकडे चालू लागले.

ग्रामपंचायतीच्या आवारात एक मोठा निंब होता. बगीच्यात संत्री तोडायला आलेली चार माणसं मदतीला आली. बोल्ट काढून पलंग बाहेर आणला. रत्नप्रभाबाईंनी डाव्या हाताने ती पातळ गादी सावलीत अंथरली.

"असा उभा नको," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षं उभाच आहे. पाठीवर घाला त्याला."

चौघांनी पलंग उलटा केला आणि हळूच गादीवर ठेवला. चारही पाय आभाळाकडे झाले. बाईंनी वरून गोधडी घातली. सागवानात कुठेतरी खोल एक सांधा वाजला, मग दुसरा. सव्वा वाजता पलंग झोपला.

अडीच वाजता ग्रामसेविका प्रमिला काळमेघ मोर्शीहून मीटिंग आटोपून आल्या. स्कूटी लावून त्या निंबाखाली आल्या, गोधडीभोवती एक फेरी मारली आणि खांद्यावरची पर्स सावरली.

"हे कोनी ठेवलं?"

"ठेवलेलं नाही," आवटी उठून म्हणाले. "झोपलेत."

प्रमिलाबाईंनी वाकून पाहिलं. "हं," त्या म्हणाल्या. "मंग प्रश्न आहे, भाऊ. पंचायतीच्या जागेत सामान ठेवता येत नाही, उचलून न्यावं लागते. जनावर असलं तर कोंडवाड्यात जाते. मानूस असला तर सावलीत झोपू शकते, त्याले कोनाची ना नाही. यायले कशात धरू?"

आवटींना हा प्रश्न अतिशय आवडला. निवृत्तीनंतर असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "सामानाला झोप लागत नाही," ते म्हणाले.

"बरोबर. पन जनावराले लागते."

"जनावर चरतं. हे चरत नाहीत."

प्रमिलाबाईंनी गोधडीचं टोक उचललं, पाहिलं आणि परत नीट झाकलं. मग ऑफिसातून त्या अभ्यागतांची वही घेऊन आल्या आणि उभ्यानेच लिहू लागल्या.

"नाव?"

"पलंग."

"सोबत कोन?"

"मी भूपाल आवटी. या आमच्या मंडळी."

"मूळ गाव?"

आवटींनी पत्नीकडे पाहिलं. "दांडेलीकडचं लाकूड आहे म्हणायचे मामंजी," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"दांडेली," प्रमिलाबाईंनी लिहिलं. "येन्याचं कारन?"

"झोप."

"किती दिवस?"

"ते त्यांच्यावर आहे," आवटी म्हणाले.

"असं लिहिता येत नाही जी." त्यांनी जरा विचार केला. "'काम पूर्ण होईपर्यंत' लिहितो." वही मिटून त्यांनी आवाज खाली आणला. "चारले शाळा सुटते. मी पोराईले सांगतो मागच्या रस्त्यानं जा म्हनून."

पलंग तो सगळा दिवस झोपला. दुसऱ्या दिवशीही झोपला. आवटी दांपत्य गाडीत खाली सतरंजी टाकून निजलं. हात बांधलेला असल्यामुळे रत्नप्रभाबाईंना काम करता येत नव्हतं. आवटींनी पहिल्या दिवशी खिचडी केली, दुसऱ्या दिवशी सकाळी खिचडी केली आणि संध्याकाळी, बदल म्हणून, पातळ खिचडी केली. बाई निंबाखाली पलंगाशेजारी चटई टाकून पडून राहिल्या. प्रमिलाबाईंनी आणून दिलेली संत्री त्या एका हाताने सोलायला शिकल्या. असं नुसतं पडून राहिल्याला त्यांना किती वर्षं झाली होती, ते आठवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवटींची चुळबुळ सुरू झाली. त्यांनी घड्याळ पाहिलं, नकाशा पाहिला, परत घड्याळ पाहिलं.

"अठ्ठेचाळीस तास होतील आता," ते म्हणाले. "इतकी विश्रांती कुठल्याच नियमात बसत नाही. उठवू या. संध्याकाळपर्यंत मुलताई गाठू."

"उठवायचं नाही," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"तापी बघायची तुलाच घाई होती."

"तापी कुठं जात नाही. म्हणजे जाते, पण सुरू तिथंच होते. झोपू दे त्याला."

"अगं, एकदा हाक मारून बघू. उठला तर उठला."

बाई उठून बसल्या. "झोपलेल्या माणसाला हाक मारून बघायची ही तुमची रीत कुठली हो? आगारात असंच करत होता का? रात्रीची गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला?"

त्यांनी ते सहज विचारलं होतं. आवटी मात्र चटईच्या कडेला बसले.

"एकदा केलं होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट. सदाशिव कोळेकर नावाचा ड्रायव्हर रात्रभर गाडी चालवून पहाटे पाचला आला आणि विश्रांतिगृहात झोपला. साडेसहाच्या गाडीचा ड्रायव्हर आलाच नाही. प्रवासी खिडकीशी येऊन ओरडत होते. आवटी विश्रांतिगृहात गेले, कोळेकरला हलवून उठवलं आणि गाडीवर चढवलं. सात-आठ मैलांवर एका वळणाला गाडी सरळ उसात गेली. कोणाला लागलं नाही. एका बाईचं अंड्यांचं भांडं फुटलं, एवढंच. पण चौकशी लागली. रात्रीची ड्यूटी कोळेकरनेच केली होती, हे चार्टवर दिसलं असतं तर आवटी अडकले असते. चौकशी यायच्या आधी त्यांनी चार्टवर रात्रीच्या गाडीपुढे दुसऱ्याचं नाव घातलं.

"जबाबात त्यानं लिहिलं होतं, डोळा लागला, कळलंच नाही," आवटी म्हणाले. "त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. रात्रभर झोपलेल्या माणसाचा सकाळी डोळा कसा लागेल? तीन महिने घरी बसला. माझं नावसुद्धा आलं नाही."

रत्नप्रभाबाईंना हे माहीत नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. पण त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं.

"आहे का अजून तो?"

"असेल. नंबर आहे."

"मग लावा की."

"आणि काय सांगू? इतक्या वर्षांनी?"

"मला सांगितलंत तेच."

आवटींनी फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजला, मग एक दणदणीत आवाज आला. मागे म्हैस ओरडत होती.

"आवटीसाहेब! आज कशी काय आठवण काढली?"

"काही नाही," आवटी म्हणाले. "आमचा पलंग झोपलाय."

"असं व्हय," कोळेकरचा आवाज एकदम खाली आला. "मग हळू बोला साहेब. मोडंल झोप."

हळू बोलायला मिळालं, त्यामुळे आवटींना ते सोपं गेलं. चार्टवरचं दुसरं नाव, आपलं अक्षर, चौकशीच्या दिवशी आपण मुद्दाम घेतलेली रजा, सगळं त्यांनी सांगितलं.

"साहेब," कोळेकर म्हणाला, "गाडी उसात शिरली तवा आवाज कसा झाला सांगू? सर्रर्र. आन् मग समदं गप. इतकं गप, की मी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आन् तितंच झोपलो. पोलीस आल्यावर कंडक्टरनं उठवलं. तशी झोप पुन्ना लागली न्हाई बगा." तो थोडा हसला आणि थांबला. "पर त्ये तीन महिनं वाईट गेलं. बायको रोज म्हणायची, रातभर झोपून तुमचा डोळा लागलाच कसा? मी सांगायचो, अगं रातची गाडी मीच आणली. तर ती म्हणायची, कागदावर तर तसं न्हाई. तिला एकदा सांगता का तुमी?"

आवटींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "दे," ते म्हणाले.

कोळेकरच्या बायकोने सगळं ऐकून घेतलं. फोनवर नुसती म्हैस ऐकू येत होती.

"म्हंजी ह्ये खरं बोलत हुते," ती म्हणाली.

"हो."

"मी वीस वर्सं ह्यांला झोपाळू म्हणत आले."

"माझी चूक, बाई."

"तुमची हायच की," ती म्हणाली. "बरं झालं सांगितलं. आता मला ह्यांच्यासंगं बोलाय पायजे." आणि तिने फोन ठेवला.

आवटींनी फोन चटईवर ठेवला. रत्नप्रभाबाईंनी अर्धं राहिलेलं संत्रं सोललं आणि त्यातल्या चार फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या. पलंग उठवायचा विषय पुन्हा निघाला नाही.

तो आपण होऊन उठला, त्याच दिवशी दुपारी पावणेचारला.

"किती वाजले?" गोधडीखालून आवाज आला. घोगरेपणा गेला होता.

"पावणेचार," आवटी म्हणाले. "बुधवार."

"सोमवारी झोपलो होतो."

"कार्यालयाची हरकत नाही."

बाईंनी गोधडी दूर केली. पलंग जरा वेळ पाय वर करून तसाच पडला. "आभाळ कधी पाहिलं नव्हतं असं," तो म्हणाला. "वहिनींचा हात कसा आहे?"

संध्याकाळी आवटींनी नवा चार्ट केला. प्रमिलाबाईंनी पंचायतीचे दोन कोरे कागद दिले. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच पलंग पाठीवर, जमिनीवर, सावलीत. त्या वेळात गाडी चालणार नाही, कारण हलत्या गाडीत पलंगाला झोप येत नाही. पाच ते सहा प्रवास. दिवसा बसायला दोन घडीच्या खुर्च्या घ्यायच्या. खुर्च्यांना आधी विचारायचं. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, त्या रात्री सगळे सतरंजीवर.

"पलंगाला सतरंजी चालेल?" आवटींनी विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी मी कशावरही पडेन," पलंग म्हणाला.

रत्नप्रभाबाई चार्ट वाचत होत्या. त्यांनी तो दोनदा वरपासून खालपर्यंत वाचला.

"यात मी कुठं आहे?"

"तू कशाला? तू ड्यूटीवर थोडीच आहेस?"

पलंगाचं एक बिजागर हललं. आवटींनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग पेन उघडून कागदावर एक नवी ओळ आखली.

"साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी?" त्यांनी विचारलं. आवाज खिडकीतलाच होता, पण जरा बसलेला.

"गुरुवार," बाई म्हणाल्या. "आणि गुरुवारी खिचडी नको."

"गुरुवारी काय पाहिजे?"

"ते तुम्ही बघा. ड्यूटी तुमची."

निंबोळा ते मुलताई हे अंतर एस.टी.ला एक सकाळ पुरतं. त्यांना पाच दिवस लागले. रोज नऊच्या आत सावली शोधायची, बोल्ट काढायचे, दोन माणसं बोलवायची, पलंग उलटा करायचा. माणसं मिळायला कधी अडचण आली नाही. काम काय आहे ते सांगितलं की लोक चपला बाजूला काढून येत. गुरुवारी आवटींनी पिठलं केलं, गुठळ्यांचं, आणि ते खाताना बाई एक शब्दही बोलल्या नाहीत. आवटींनी ते चांगलं चिन्ह मानलं. एका दुपारी कोळेकरचा फोन आला. बायकोने वीस वर्षांची भरपाई म्हणून आपल्याला आठ दिवस सकाळी उठवायचं नाही असं ठरवलंय, पण आपल्याला पाचलाच जाग येते आणि पडून राहावं लागतं, अशी त्याची तक्रार होती. आवटींनी ती उभ्याने ऐकली आणि मग बसले.

मुलताईला ते सोमवारी संध्याकाळी पोचले. तापीच्या कुंडाजवळच्या एका धर्मशाळेत त्यांनी चौकशी केली. रत्नप्रभाबाई आत थांबल्याच नाहीत. पट्टी सोडलेला हात पदरात धरून त्या थेट कुंडाकडे गेल्या. तिथे एक पायरी उतरून त्यांनी ओंजळ भरली आणि चूळ भरायची विसरून नुसत्या त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. दारातून आवटींना त्या दिसत होत्या.

धर्मशाळेचे व्यवस्थापक बारंगे नाकावर चष्मा ठेवून वही भरत होते.

"कितने जन? म्हणजे किती जण?"

"तिघं," आवटी म्हणाले. "दोघांना खोली लागेल. तिसऱ्यांना दिवसाची सावली लागेल, नऊ ते पाच."

"मागं आंब्याखाली जागा आहे." बारंगेंनी लिहिलं. "पण तिथं शेजारी एक झोपाळा झोपतो. म्हातारा आहे, जाग लवकर येते त्याला. तुमचे घोरतात का?"

आवटींनी प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "कुशीवर वळताना एकदा वाजतात. बस."

"मग चालेल," बारंगे म्हणाले आणि त्यांनी वही आवटींपुढे सही करायला फिरवली.